गोधडीच्या पोटात काय भरावं?

वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीर अशा कोणत्याही तालुक्याच्या गावी 'गादी घर'ची पाटी लावलेलं एखादं दुकान सापडतंच. आत पिंजणीचं यंत्र, कोपऱ्यात कापसाचा ढीग, भिंतीशी उभे केलेले पांढऱ्या शीटचे रोल. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला: "कापूस भरू की फायबर?" गादीसाठी हा प्रश्न बरोबरच आहे. घरच्या शिलाई मशीनवर गोधडी किंवा रजई शिवणाऱ्याने मात्र तो दुसऱ्या नंबरवर ठेवावा. आधी विचारायचं ते असं, की दोन टिपांमध्ये अंतर किती राहणार? आतला थर, म्हणजे शिवणकाम करणाऱ्या हल्ली ज्याला बॅटिंग किंवा वॅडिंग म्हणतात तो, कोणता घ्यायचा हे बरंचसं या उत्तरावर ठरतं.

हातशिलाईच्या गोधडीला हा पेच कधी पडला नाही, कारण तिच्या पोटात सुटा तंतू नव्हताच. जुनी लुगडी, धोतरं, विरलेल्या चादरी असे विणलेले पदर एकावर एक अंथरायचे आणि कडेपासून आत, चौकोनात चौकोन काढत धावदोरा घालत मध्यापर्यंत यायचं. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांची कवंदीही अशीच कडेकडून मध्याकडे शिवली जाते. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं मोठं तीर्थक्षेत्र. या समाजाच्या जुन्या पिशव्या आणि बटवे पाहिले तर तिथेही कापडाचे पदर दाट टाक्यांनी एकजीव केलेले दिसतात. विणलेलं कापड जागचं हलत नाही. गोधडी ओली करा, पिळा, दगडावर बदडा, आतला पदर गोळा होऊन कोपऱ्यात जाऊन बसत नाही. मोल द्यावं लागतं ते वजनात. सुती पाचवारी साडी अर्ध्या किलोच्या आसपास भरते. चार-पाच साड्यांची गोधडी धुतल्यावर दोरीवर टाकायला दोन माणसं लागतात.

शिलाई मशीनला हीच गोधडी जड जाते. मशीनचे दाते खालच्या कापडाला पुढे ओढतात, वरचं कापड फूटखाली दाबलेलं असल्यामुळे मागे राहतं. दोन पदरांत हा फरक कळतही नाही. पाच-सहा पदर असले की टीप संपेपर्यंत वरच्या बाजूला चुणी जमते आणि खालचा पदर चार बोटं पुढे सरकलेला असतो. वॉकिंग फूट नावाची जोडणी लावली तर वरच्या अंगालाही दाते मिळतात आणि सगळे पदर बरोबरीने चालतात. पण घरच्या साध्या मशीनवर त्याहून सोपा उपाय म्हणजे पदर कमी करणं: वर एक कापड, खाली एक कापड आणि मधे हलका, सलग असा एकच थर. बॅटिंगची गरज इथून सुरू होते.

कापसाच्या मुलखातल्या माणसाला साहजिकच वाटतं, की मधे कापूस घालावा. पिंजून आणला की झालं. पूर्वी पिंजारी धनुकली घेऊन दारोदार यायचे. ताणलेल्या तातीवर दांडक्याचा ठोका पडला की तिच्या कंपनाने कापसाच्या गुठळ्या सुटत, कचरा खाली पडे आणि तंतू उडून मोकळे होत. आता तेच काम विजेवरचं यंत्र करतं. पिंजण्याचा हेतूच मुळी तंतू एकमेकांपासून सोडवण्याचा आहे. त्यांच्यात हवा शिरते, कापूस फुगतो, गादी मऊ होते. पण असा थर उचलून पाहा, हातात तुकडे येतात. मशीनच्या फूटखाली घातला तर फूट कापसाला पुढे लोटत नेतं, ओळीच्या शेवटी ढेकूळ जमतं, मधे पोकळ जागा राहते आणि बारीक तंतू बॉबिनच्या घरात जाऊन अडकतात. टीप नीट आली तरी पहिल्या धुण्यात दोन टिपांमधला कापूस एका बाजूला गोळा होतो. यात पिंजलेल्या कापसाचा दोष नाही. तो गादीसाठी आहे, आणि गादी कोणी बादलीत बुडवत नाही.

तरीही पिंजलेलाच कापूस मशीनवर वापरायचा असेल तर तो दोन मलमलींच्या मधे सारखा पसरून, आधी कच्चे टाके घालून एक स्वतंत्र थर करावा आणि मग वरच्या-खालच्या कापडासह शिवावा. टिपांमधलं अंतर दीड-दोन इंचांच्या पुढे जाऊ देऊ नये. एवढ्या दाट टिपा घालायची तयारी नसेल तर बांधलेलं शीट घेणं शहाणपणाचं.

औषधाच्या दुकानातली कापसाची गुंडाळी पाहून काहींना मोह होतो: पांढरा शुभ्र, सलग थर, तोही स्वच्छ. पण तो गोधडीच्या कामाचा नाही. कच्च्या कापसाच्या प्रत्येक तंतूवर मेणाचा अगदी पातळ लेप असतो. म्हणून शेतातून आणलेल्या कापसाची सरकी काढून टाकलेला बोळा पाण्यावर बराच वेळ तरंगतो. औषधी कापूस क्षारात उकळून हे मेण काढलेलं असतं, कारण त्याने रक्त आणि पाणी झटकन प्यावं हीच अपेक्षा. गोधडीत तो पहिल्याच धुण्यात पाणी पिऊन बसतो, त्याचे आखूड तंतू चिकटतात आणि वाळल्यावर पापड्या होतात.

बांधलेलं शीट म्हणजे काय? यंत्रावर तंतू विंचरून त्यांची पातळ जाळी काढतात, ती आडवी-उभी घड्या घालत थरांवर थर रचतात आणि मग ते थर एकमेकांना धरून राहावेत अशी व्यवस्था करतात. ही व्यवस्था तीन प्रकारची. पहिलीत उलटे काटे असलेल्या असंख्य सुया थरातून खालीवर मारतात. काटे वरचे तंतू खाली ओढून गुंतवतात. दुसरीत पॉलिस्टरमध्ये थोडा असा तंतू मिसळतात ज्याचं बाहेरचं कवच साधारण ११० अंशांना वितळतं. तापलेल्या हवेतून शीट गेलं की कवच वितळून शेजारच्या तंतूंना चिकटतं, आतला गाभा मात्र तसाच राहतो. तिसरीत वरून डिंकासारख्या रसायनाची फवारणी करून ते सुकवतात. सुयांनी गुंतवलेलं शीट पातळ, घट्ट आणि मशीनला सगळ्यात सोयीचं असतं. उष्णतेने बांधलेलं फुगीर आणि हलकं असतं. फवारणीचं स्वस्त पडतं. हाताला थोडं कडक लागतं आणि धुण्यागणिक वरचा लेप सुटत जातो. काही सुती शीटमध्ये आधाराला अगदी विरळ असं कृत्रिम जाळीदार कापड घालतात. असं शीट सहज ताणलं जात नाही, म्हणून त्यावर टिपा लांब लांब चालतात. हाताने शिवणाऱ्याला मात्र ती जाळी सुईला अडते.

आता टिपांचं गणित मांडता येतं. थर जितका स्वतःला धरून असेल तितक्या टिपा दूर चालतील. पिंजलेला सुटा कापूस दीड-दोन इंचांवर अडवावा लागतो. उष्णतेने बांधलेल्या पॉलिस्टरला साधारण चार इंच पुरतात. जाळीचा आधार असलेल्या, सुयांनी गुंतवलेल्या सुती शीटवर परदेशी कंपन्या आठ-दहा इंचांपर्यंत अंतर चालेल असं लिहितात. ही कमाल मर्यादा समजायची. रोज वापरायच्या आणि आठवड्याला धुवायच्या पांघरुणात तिच्या निम्म्यावर राहिलेलं बरं. नक्षी निवडतानाच हे पाहावं. मोठमोठे मोकळे चौकोन हवे असतील तर थर पक्का घ्या. बारीक वेलबुट्टी भरणार असाल तर साधाही चालेल. उलट बाजूही आहे. ऊब तंतूंची नसते, तंतूंमध्ये अडकलेल्या स्थिर हवेची असते. टीप जितकी दाट तितका थर दबतो आणि ऊब कमी होते. मशीनची दाट टीप घालून वर रजईसारखा फुगीरपणा मागणं म्हणजे दोन विरुद्ध गोष्टी एकाच वेळी मागणं.

कापूस घ्यायचं ठरलं तर कोणता? इथे वऱ्हाडी माणसाचा अभिमान थोडा बाजूला ठेवावा लागतो. आजचा वाशिम जिल्हा १९९८ पर्यंत अकोल्याचा भाग होता, आणि हा सगळा पट्टा दीडशे वर्षांपूर्वी जगाच्या कापूस बाजाराला माहीत होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस थांबला आणि लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. अमरावतीच्या नावावरून इथला माल तिथे 'ऊमरा' म्हणून विकला जाई. पुढे मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी अरुंद मापाची रेल्वे, आपली 'शकुंतला', कारंज्यावरूनच गेली, आणि तिच्या मालडब्यांत मुख्यतः कापूस असे. तेव्हाचा हा कापूस देशी होता. त्यात 'बनी' बारीक आणि लांब धाग्याची होती, पण तिला रुई कमी उतरे. शेतकऱ्याला रुईच्या उताऱ्यावर पैसे मिळायचे, त्यामुळे जाड, आखूड पण भरपूर रुई देणाऱ्या जाती पसरत गेल्या. व्यापाऱ्यांनी आणि सरकारी अधिकाऱ्यांनी त्याबद्दल बोटं मोडली. शेतकऱ्याचा हिशेब साधा आणि बरोबर होता.

हाच जाड, आखूड धाग्याचा कापूस गादीला उत्तम. जाड तंतू वाकवायला जोर लागतो, सोडला की तो परत उभा राहतो. म्हणून देशी कापसाच्या गादीला उसळी असते आणि ती लवकर चेपत नाही. जपानमध्ये फुटॉन भरणारे कारागीर खाली अंथरायच्या गादीसाठी भारतातला आखूड, जाड कापूस पसंत करत आले आहेत. अंगावर घ्यायच्या पांघरुणासाठी ते लांब, मऊ तंतूचा कापूस घेतात. मशीनच्या गोधडीलाही दुसराच न्याय लावावा. आखूड तंतू सुयांच्या गुंतवणुकीत नीट धरले जात नाहीत, कापडाच्या विणीतून बाहेर डोकावतात आणि गडद रंगावर पांढरी लव दिसू लागते. म्हणजे इथे गावरान ते चांगलं हा नियम लागू पडत नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने एकेए-७, एकेए-८४०१ असे चांगले देशी वाण दिले, पण २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाल्यानंतर शेतात देशी कापूस फारसा उरला नाही. आज जिनिंगमधून जी रुई मिळते ती जवळजवळ सगळी अमेरिकन जातीच्या संकरित वाणांची, २८-२९ मिलिमीटर धाग्याची. गादीवाले तिच्यावर नाराज असतात. गोधडीसाठी मात्र ती नेमकी सोयीची आहे.

वेचणी पाहायला हवी. पहिल्या-दुसऱ्या वेच्याचा कापूस स्वच्छ आणि पक्व असतो. हंगाम संपताना निघणारा पिवळट कवडी कापूस किंवा फरदडीचा कापूस स्वस्त मिळतो, पण त्यात अपक्व, मेलेले तंतू जास्त. त्यांच्या बारीक गाठी होतात आणि त्या कापडातून हाताला लागतात. जुन्या गादीचा कापूस पुन्हा पिंजून वापरायचा विचारही मशीनच्या कामापुरता सोडावा. प्रत्येक पिंजणीत तंतू तुटतात. सरकीच्या सालीचे तपकिरी कण राहिलेल्या न धुतलेल्या सुती शीटमध्ये वाईट काही नाही, फक्त पांढऱ्या किंवा फिक्या पातळ कापडाखाली ते दिसतात. तिथे विरंजन केलेलं शीट घ्यावं.

कापसाच्या नावाने पॉलिस्टरला शिव्या द्यायची फॅशन आहे. ती पूर्णपणे रास्त नाही. १९४१ मध्ये विनफील्ड आणि डिक्सन या दोन ब्रिटिश रसायनतज्ज्ञांनी शोधलेला हा तंतू पाण्याला जवळजवळ शिवतच नाही. नेहमीच्या दमट हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. जुलै-ऑगस्टमध्ये वाशिमला आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही तेव्हा या फरकाचा अर्थ कळतो. पॉलिस्टरची गोधडी पंख्याखाली रात्रीत वाळते, कापसाची तिसऱ्या दिवशीही कुबट वास मारते. मुलांच्या वसतिगृहासाठी, आजारी माणसाच्या अंथरुणासाठी, रोज धुवाव्या लागणाऱ्या पांघरुणासाठी पॉलिस्टर घेणाऱ्याला मी तरी नावं ठेवणार नाही. पण एप्रिल-मेमध्ये हाच गुण उलटतो. घाम शोषला जात नाही आणि अंगाला चिकचिक होते. शिवाय ठिणगी पडली तर कापूस जळतो, पॉलिस्टर वितळतं आणि कातडीला चिकटतं. चुलीजवळ झोपणाऱ्या घरात किंवा तान्ह्या बाळासाठी मी कापूसच सुचवेन. उशीत भरायचा सिलिकॉन लावलेला पोकळ तंतू, जो बाजारात 'रेक्रॉन' या ब्रँडच्या नावानेच मागितला जातो, तो सुटा घेऊन गोधडीत भरू नये. तो मुद्दाम निसरडा केलेला असतो, आणि निसरडा तंतू टिपांमध्ये थांबत नाही.

कापूस-पॉलिस्टर मिश्रणाचं शीट हा मधला रस्ता आहे, आणि पहिल्यांदा मशीनवर शिवणाऱ्याला बहुधा तोच सगळ्यात कमी त्रास देतो. लोकरीबद्दल एवढंच, की दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीत शोभते. पांघरुणात तिचे जाड केस पातळ सुती कापडातून टोचतात, आणि गरम पाण्यात घोळली तर ती आक्रसून नमद्यासारखी घट्ट होते.

आक्रसण्याचा मुद्दा कापसालाही आहे. सुती शीट पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आत येतं. नव्वद इंचांच्या गोधडीत हे तीन-साडेचार इंच होतात. वरचं कापड आधी पाण्यातून काढलेलं असेल आणि आतलं शीट कोरं असेल तर टिपांमधे बारीक सुरकुत्या पडतात. काहींना हे जुन्या गोधडीसारखं रूप मुद्दाम हवं असतं. ज्यांना सपाट, ताठ रूप हवं त्यांनी कापड आणि शीट दोन्ही पाण्यातून काढावं; शीट चोळायचं नाही, भिजवून दाबायचं आणि चादरीवर पसरून वाळवायचं. पॉलिस्टर आक्रसत नाही. म्हणून कोरं कापड आणि पॉलिस्टर शीट अशी जोडी केली की धुतल्यावर कापड लहान, थर मोठा आणि गोधडी ताणलेल्या पोटासारखी फुगते.

विकणारा जाडी इंचांत सांगतो. ती ऐकून घ्यावी आणि वजन विचारावं. शीटचं वजन दर चौरस मीटरला किती ग्रॅम, म्हणजे जीएसएम, यावर व्यवहार चालतो. लेबल नसेल तर घरी मोजता येतं: ए-फोर कागद शीटवर ठेवून त्याच मापाचा तुकडा कापा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. ए-फोर कागद बरोबर एक चौरस मीटरचा सोळावा भाग असतो, तेव्हा आलेल्या ग्रॅमना सोळाने गुणा. तुकडा दहा ग्रॅम भरला तर शीट १६० जीएसएमचं. साठ बाय नव्वद इंची एकेरी गोधडी साधारण साडेतीन चौरस मीटरची. शंभर जीएसएममध्ये आतला थर साडेतीनशे ग्रॅम, दोनशेमध्ये सातशे. वजन सारखं असलं तरी पॉलिस्टर कापसापेक्षा जाड दिसतं, कारण ते फुगतं. घरच्या मशीनच्या मानेखाली सहा-सात इंचांचीच जागा असते आणि मधल्या टिपा घालताना अर्धी गोधडी गुंडाळून त्यातून सरकवायची असते. म्हणून तिथे ऐंशी ते दीडशे जीएसएमच्या वर जाऊ नये. वाशिमच्या थंडीला एवढं पुरेसं आहे. सुई १४ नंबरची, दाट कापड असेल तर १६ची. मधून कडेकडे टाचत जायचं आणि टिपाही मधूनच सुरू करायच्या. हाताच्या गोधडीच्या नेमकं उलट.

दुकानदार 'प्युअर कॉटन' म्हणाला तर चिमूटभर तंतू मागून बाहेर येऊन काडी लावावी. कापूस कागदासारखा जळतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर ज्योतीपासून आक्रसतं, वितळतं आणि काळा कडक मणी उरतो. दोन्ही लक्षणं दिसली तर मिश्रण. मग शीटचा वीतभर तुकडा उभा आणि आडवा हलकेच ओढावा. ज्या दिशेला तो जास्त ताणतो ती दिशा गोधडीच्या रुंदीला ठेवावी, म्हणजे दोरीवर ओली गोधडी लोंबकळली तरी ती लांबत नाही. आणि शेवटी तोच तुकडा काळ्या कापडाखाली धरून घासायचा. वर पांढरी लव उगवली तर ते शीट गडद कापडाला नको.

जिल्ह्यात खरिपाचं बहुतेक रान आता सोयाबीनखाली आहे. तरी एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक क्विंटल कापसातून सुमारे ३४ किलो रुई निघते. विंचरताना थोडी घट धरली तरी दीडशे जीएसएमच्या साठेक एकेरी गोधड्यांचा थर तेवढ्यात होतो. १७० किलोच्या एका गाठीत तीनशे. ती गाठ सूतगिरणीकडे जाते. तंतू विंचरून जाळी काढणं हे तर तिथलं नेहमीचंच काम आहे. बाकी राहते ती थर रचून सुयांनी गुंतवणारी यंत्रं, आणि ती बसवण्याइतकी सुती शीटची मागणी. आज शिवणाऱ्या बायकांचे गट जे पांढरे रोल घेतात ते बहुधा पॉलिस्टरचेच असतात, कारण दुकानात दुसरं काही दिसत नाही.

राहिली घरातली झिजलेली गोधडी. ती टाकून न देता नव्या गोधडीचा थर म्हणून वापरता येते, आणि मशीनवरही चालते. फक्त तिच्या जाड कडा, ठिगळांच्या गाठी आणि कोपरे कापून टाकावेत, कारण सुई मोडते ती तिथेच. दोन-तीनदा गरम पाण्यात धुवून तिचं आक्रसणं संपवून घ्यावं. तिच्यात पूर्वीच्या टिपा आहेतच, त्यामुळे नव्या टिपा सहा इंचांवर ठेवल्या तरी आतलं काही हलत नाही. वॉकिंग फूट लावा, सुई १६ नंबरची घ्या, टाका थोडा लांब ठेवा आणि मशीन सावकाश चालवा.